एकच पंप शॉटगन, घरासाठीपण आणि बदकांसाठीपण: घेताना काय बघायचं

सरळ उत्तर आधीच देऊन टाकतो, कारण निम्म्या लोकांना तेवढंच हवं असतं. अमेरिकेत राहताय, घरात एक बंदूक असावी असं वाटतंय, हिवाळ्यात बदकांच्या शिकारीलापण जायचंय, आणि बजेट मात्र एकाच बंदुकीचं आहे, तर १२ गेजची, ३ इंची चेंबरची (चेंबर म्हणजे नळीत काडतूस बसतं ती मागची जागा) पंप शॉटगन घ्या आणि दोन नळ्यांवाली घ्या, एक २८ इंची आणि एक साडेअठरा इंची. दुकानात याला कॉम्बो म्हणतात. बाकीचं ज्यांना वाचायचंय त्यांच्यासाठी खाली आहे.

पण दुकानात जायच्या आधी एक बघा, आपल्या लोकांना हे कोणी सांगत नाही. एच-वन किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला सरसकट मनाई आहे. त्यातून सुटायचे जे मोजके रस्ते आहेत त्यातला नेहमीचा म्हणजे कुठल्यातरी राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स. चालू म्हणजे चालू, त्याची मुदत संपली आणि बंदूक कपाटात तशीच राहिली तर तुम्ही गुन्ह्यात अडकलात. ग्रीन कार्ड असेल तर ही भानगड नाही. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, त्यात हे सगळं विचारतात, तिथे अंदाजे काहीतरी लिहू नका. शॉटगनसाठी फेडरल वय १८, पण काही राज्यांत जास्त आहे, आणि राज्याराज्याचे नियम इतके वेगळे आहेत की आपल्या राज्याचे स्वतः वाचलेले बरे.

आता पंपच का. सेमी-ऑटो काडतुसाच्याच जोरावर पुढचं काडतूस भरते, त्यामुळे हलकं काडतूस असलं किंवा आत चिखल-तेलाचा राडा झाला की काही बंदुका रुसतात. पंपमध्ये ते काम तुमचा डावा हात करतो, फोरएंड (नळीखालची सरकणारी मूठ) मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलला की नवीन आत. हलकं सरावाचं टार्गेट लोड असो, बदकांचं जास्त जोराचं मॅग्नम असो की घरातलं मोठ्या छर्र्यांचं बकशॉट, तिला फरक पडत नाही. एका बंदुकीला दोन इतकी वेगळी कामं सांगायची असली की हा गुण सोन्याचा. शिवाय स्वस्त. बदकांच्या शिकारीत बंदूक चिखलात पडते, होडीत आपटते, पावसात भिजते, हजार-दोन हजार डॉलरची बंदूक असली की माणूस बदकांकडे कमी आणि बंदुकीकडेच जास्त बघत बसतो.

गेज म्हणजे काय हे एकदा समजून घ्या म्हणजे गोंधळ होणार नाही. एक पाउंड शिशाचे सारखे १२ गोळे केले तर एका गोळ्याची जी जाडी, ती १२ गेज नळीची आतली रुंदी, साधारण साडेअठरा मिलिमीटर. २० गोळे केले तर गोळा बारीक, म्हणून २० गेजची नळी बारीक, साडेपंधराच्या आसपास. आकडा मोठा तशी नळी लहान. २० गेज वाईट नाही, हलकी असते आणि धक्का कमी, पण बदकांना स्टीलचे छर्रे लागतात आणि स्टील हलकं, म्हणून काडतुसात जागा जास्त हवी, तिथे १२ गेज पुढे जाते. आणि घरात दोन्ही गेज असतील तर कृपा करून काडतुसं एका खिशात ठेवू नका. २० गेजचं काडतूस १२ च्या नळीत घसरून चेंबरच्या पुढे जाऊन अडकतं, बंदूक रिकामी वाटते, त्यामागे १२ चं भरून बार काढला की नळी फुटते, हाताच्या अगदी जवळ. २० गेजची काडतुसं पिवळी करतात ती याचसाठी.

चेंबर ३ इंची बास झालं. साडेतीन इंचीवाल्या मिळतात, सेल्समन हमखास तिकडे ढकलतो, पण साडेतीन इंची काडतुसाचा पंपमधला धक्का म्हणजे खांद्यावर कोणीतरी मुसळ मारल्यासारखं होतं आणि तीन बारांनंतर माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतो. ३ इंची चेंबरमध्ये पावणेतीन इंची काडतूस बिनधास्त चालतं. उलटं मात्र करायचं नाही. काडतुसाची लांबी उडाल्यानंतरची, तोंड उघडल्यावरची मोजतात, त्यामुळे ३ इंची काडतूस जुन्या पावणेतीन इंची चेंबरमध्ये आरामात बसतं, पण बार झाल्यावर तोंड उघडायला जागा नसते आणि प्रेशर वाढतं. नळीवर लिहिलेलं असतं, तेच प्रमाण मानायचं, दुकानदाराची आठवण नव्हे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्याकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. दस्ता तुमच्या अंगाला बसतो का? बहुतेक कंपन्यांचे दस्ते १४ इंचांच्या आसपास असतात, म्हणजे सहा फुटी माणूस डोळ्यासमोर धरून केलेले. आपण साडेपाच फुटी, त्यात नोव्हेंबरमधलं जाडजूड जॅकेट, त्याने दस्ता अजून इंचभर लांब झाल्यासारखा होतो. बंदूक खांद्याला लावताना बूड काखेत अडकतं, तोपर्यंत बदक पार. दुकानात बंदूक रिकामी आहे हे स्वतः बघा, मग खांद्याला लावून गाल दस्त्यावर टेकवा, नाक आणि चाप धरलेल्या हाताचा अंगठा यांच्यात दोन-तीन बोटं जागा राहिली तर ठीक. मग डोळे मिटून परत लावा आणि उघडा, नळीच्या पट्टीवरून सरळ पुढचा मणी दिसला पाहिजे. मान वाकवून मणी शोधावा लागत असेल तर ती बंदूक तुमची नाही, कितीही डिस्काउंट असू दे. जॅकेट घालून जा, उन्हाळ्यात गेलात तरी, लोक हसले तर हसू दे. आणि घराच्या रक्षणासाठी असेल तर बायकोलापण सोबत घेऊन जा, कारण तुम्ही टूरवर असताना ती बंदूक तिच्याच हातात असणार आहे. स्पेसर काढून छोटे होणारे दस्ते आणि मुळात १३ इंचांच्या आसपासचे आखूड दस्ते दोन्ही मिळतात.

मॉडेलचं म्हणाल तर रेमिंग्टन ८७० ही १९५० पासूनची, एक कोटीच्या वर बनल्या, स्टीलचा रिसीव्हर (यंत्रणा बसते ती मधली पेटी), वजनदार आणि गुळगुळीत. मॉसबर्ग ५०० चा रिसीव्हर ॲल्युमिनियमचा, म्हणून जरा हलकी. मी या दोघींत निवड सेफ्टीवरून, म्हणजे चाप अडवणाऱ्या कळीवरून करतो. ८७० ची सेफ्टी चापाच्या मागे आडवं बटण असते, उजव्या हातवाल्यांना सोयीची. ५०० ची वर, रिसीव्हरच्या मागच्या टोकाला, अंगठ्याखाली असते, डावखुऱ्यांना पण तितकीच सोयीची आणि अंधारात नुसत्या स्पर्शाने कळतं की चालू आहे की बंद. पण ५०० ला पिस्तूलसारखी मूठ लावली की अंगठा तिथे पोचत नाही, तेव्हा तो शौक करू नका. मॅव्हरिक ८८ ही मॉसबर्गचीच स्वस्त बहीण, तिची सेफ्टी मात्र चापापाशी आडवी. पहिली बंदूक असेल आणि खिसा हलका असेल तर मी बिनदिक्कत तीच सांगेन. बेनेली नोव्हा प्लास्टिकची आहे म्हणून लोक नाकं मुरडतात, पण मीठपाण्याच्या खाडीत शिकार करत असाल तर तिच्याकडे गंजायला लोखंडच कमी आहे. डावखुऱ्यांनी ब्राउनिंग बीपीएस पण सेकंडहँडमध्ये बघावी, रिकामं काडतूस खालून पडतं, तोंडासमोरून उडत नाही.

एक सापळा सांगतो. ‘टॅक्टिकल’ म्हणून ज्या लांब मॅगझिनवाल्या (मॅगझिन म्हणजे नळीखालची, काडतुसं साठवायची दुसरी नळी) काळ्या बंदुका टांगलेल्या असतात त्या घेऊन नंतर बदकांची नळी टाकू असं ठरवू नका. मॉसबर्गमध्ये नळी मॅगझिनच्या टोकाला कसली जाते, मॅगझिनची लांबी वेगळी म्हणजे नळी बसत नाही, आणि ५९० या मॉसबर्गच्याच दुसऱ्या मॉडेलची नळी ५०० ला चालत नाही. उलट दिशेने जा, आधी शिकारीची घ्या आणि आखूड नळी नंतर आणा. आखूड म्हणजे किती तर फेडरल कायद्याने १८ इंचांपेक्षा कमी नाही आणि पूर्ण बंदूक २६ इंचांपेक्षा कमी नाही. घरी करवत घेऊन बसायचा विचार मनात आला असेल तर काढून टाका, तुरुंगात जाल.

बदकांसाठी शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद आहेत. कारण साधं आहे, बदकं तळातले खडे गिळतात, त्यात छर्रे जातात, पोटात दळले जातात आणि पक्षी शिशाच्या विषाने मरतो. म्हणून स्टील, किंवा पैसे असतील तर बिस्मथ. स्टील हलकं असल्याने छर्रा दोन नंबर मोठा घ्यायचा, शिशाचा ४ नंबर चालत असेल तिथे स्टीलचा २ नंबर (इथे आकडा लहान तसा छर्रा मोठा). मोठ्या कॅनडा गूजसाठी त्याहून मोठा, बीबी नावाचा छर्रा. स्टील दबत नाही, म्हणून चोक, म्हणजे नळीच्या तोंडाचा आवळपणा, सैल ठेवा, मॉडिफाइडमधून (मध्यम चोक) स्टील जवळपास फुलसारखंच (घट्ट चोक) घट्ट जातं. आजोबांच्या काळातली कायमच्या फुल चोकची नळी कोणी फुकट दिली तरी तिच्यातून स्टील मारू नका. आणि प्लग विसरू नका, तीनच काडतुसं मावली पाहिजेत, एक चेंबरमध्ये आणि दोन मॅगझिनमध्ये. प्लग म्हणजे नुसती काठी असते मॅगझिनच्या आत, पण वॉर्डन (शिकारीचे नियम तपासणारा अधिकारी) स्वतः काडतुसं ढकलून बघतो. त्याशिवाय राज्याचं लायसन्स, हिप नोंदणी (स्थलांतरित पक्ष्यांची शिकार करणाऱ्यांची नोंद), आणि वय १६ किंवा त्याहून जास्त असेल तर २५ डॉलरचा फेडरल डक स्टॅम्प.

घरासाठी नळी बदलली, प्लग काढला. काडतूस ००बक (बकशॉटचाच एक आकार), त्यात ८ किंवा ९ छर्रे, प्रत्येकी साधारण साडेआठ मिलिमीटरचा. सिनेमात बघून लोकांना वाटतं शॉटगन नुसती दरवाजाच्या दिशेने धरली की झालं. खोलीच्या अंतरावर छर्रे मुठीएवढेच पसरतात, नेम धरावाच लागतो. आणि अमेरिकन घरांच्या भिंती म्हणजे दोन जिप्सम बोर्ड आणि मधे हवा, बकशॉट अशा एकापेक्षा जास्त भिंती आरपार जातं. म्हणून बंदूक घ्यायच्या आधी घरात फिरून बघा की बेडरूमच्या दारातून नेम धरला तर मागे काय येतं, मुलांची खोली येते का, शेजाऱ्याची खिडकी येते का. त्यावरून कुठल्या कोपऱ्यात थांबायचं ते ठरवा, थांबून ९११ लावायचा, घरभर शोधत फिरायचं नाही. आणि दिवा हवाच, समोर कोण आहे ते दिसल्याशिवाय बोट चापावर जाता कामा नये, रात्री दोनला किचनमध्ये पाणी प्यायला उठलेला आपलाच मुलगा असतो. पंपच्या नुसत्या ‘खट-खट’ आवाजाने चोर पळतो असं म्हणतात, त्या भरवशावर मी काहीच ठेवणार नाही. घरात मुलं असतील तर चेंबर रिकामं आणि बंदूक पटकन उघडणाऱ्या सेफमध्ये. पलंगाखाली नाही, कपाटावर नाही, मुलांना सगळं माहीत असतं.

पंपचा एकच खरा दोष आहे आणि तो बंदुकीत नाही, आपल्यात आहे. माझ्या पहिल्या सीझनला, पहाटेची थंडी, हातात जाड ग्लोव्हज, तीन मॅलार्ड पंख आवळून समोर उतरायला लागले, पहिला बार हुकला, मी घाईघाईत फोरएंड मागे ओढला पण पूर्ण नाही ओढला, परत पुढे ढकलला, चाप ओढला आणि नुसतं टिक. पूर्ण मागे न नेल्यामुळे मॅगझिनमधून नवीन काडतूस आलंच नव्हतं. बदकं गेली, शेजारचा म्हातारा शिकारी काही बोलला नाही, फक्त थर्मासमधली कॉफी ओतली. याला शॉर्ट स्ट्रोक म्हणतात. उपाय एकच, डमी काडतुसं आणून (खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून) रोज वीस-तीस वेळा फोरएंड मागच्या टोकापर्यंत आपटायचा, रागावल्यासारखा. हळुवारपणा पंपला कळत नाही. रेंजवर कानाला संरक्षण घ्या, आवाज १५० डेसिबलच्या वर जातो आणि आखूड नळीचा तर जास्तच.

शेवटी, सीझनच्या आधी एक शनिवार काढा. मोठा कागद ४० यार्डांवर लावा, तुमचं खरं शिकारीचं काडतूस, खरा चोक, एक बार काढा, छर्रे जिथे दाट पडलेत तिथे ३० इंचांचं वर्तुळ आखा आणि आत किती आहेत ते मोजा. मग दुसऱ्या ब्रँडचं काडतूस, मग दुसरा चोक. तीच बंदूक आणि तोच नंबर असूनही एका डब्यातले छर्रे सारखे पसरतात आणि दुसऱ्यातले मधे बदकाएवढं भोक सोडतात. घरच्या नळीचंही १० यार्डांवर असंच करा, आणि तो कागद घरी आणून, जिथे नेम धरणार त्याच्या समोरच्या भिंतीवर एकदा धरून बघा.