लॉगिन म्हणजे परवानगी नव्हे: वर्डप्रेस प्लगिन लिहिताना या चुका टाळा

आंबिया बहाराची संत्री उतरायला लागली की नागपुरातून पेटी घरपोच पाठवणाऱ्या वेबसाइटांवर ऑर्डरी वाढतात. अशी साइट बऱ्याचदा वर्डप्रेस आणि त्यावर दुकान चालवणाऱ्या वूकॉमर्सवर असते. ऑर्डरची स्थिती बदलणं, पावती काढणं, ट्रान्सपोर्टची बिल्टी जोडणं यासाठी एखाद्या डेव्हलपरकडून छोटं प्लगिन, म्हणजे साइटला जोडायचा जादा कोड, लिहून घेतलेलं असतं. परवानगी तपासायची राहून जाते ती इथेच. कारण सगळी चाचणी ॲडमिन खात्यातून होते, आणि ॲडमिनला सगळंच चालतं. प्लगिन नीट काम करतंय असं दिसतं आणि ते लाइव्ह जातं.

खाली फंक्शनांची आणि हुकांची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. कोडमध्ये ती इंग्रजीत, शब्दांच्या मधे अंडरस्कोअर घालून लिहा.

'लॉगिन आहे ना, मग झालं'

हुक म्हणजे वर्डप्रेसमध्ये आपलं फंक्शन जोडायची जागा, आणि एजॅक्स म्हणजे पान न बदलता मागून पाठवलेली विनंती. 'डब्ल्यूपी एजॅक्स' हुकवर लावलेलं फंक्शन लॉगिन केलेल्या कोणालाही चालवता येतं. वूकॉमर्सच्या साइटवर खातं उघडणारा प्रत्येक ग्राहक 'कस्टमर' म्हणून लॉगिन करू शकतो. म्हणजे एक पेटी मागवणारा नागपुरातल्या बर्डीवरचा ग्राहक आणि तुमचा मॅनेजर, दोघांनाही या हुकचं दार सारखंच उघडं असतं. वूकॉमर्स ग्राहकाला डॅशबोर्डवर जाऊ देत नाही, या भरवशावर राहू नका. ती अडवणूक फक्त पानांपुरती आहे. एजॅक्सच्या विनंत्यांना त्यातून मुद्दाम सूट दिलेली आहे, नाहीतर दुकानच चालणार नाही.

त्यामुळे प्रत्येक हँडलरने, म्हणजे विनंती हाताळणाऱ्या फंक्शनने, स्वतः 'करंट यूजर कॅन' विचारायलाच हवं. त्यात 'ॲडमिनिस्ट्रेटर' असं भूमिकेचं नाव घालू नका, कामाला लागणारी क्षमता घाला: ऑर्डरींसाठी 'एडिट शॉप ऑर्डर्स', सेटिंगसाठी 'मॅनेज ऑप्शन्स'. उत्तर नकारार्थी आलं, तर 'डब्ल्यूपी सेंड जेसन एरर'ला ४०३ (मनाई) हा कोड द्या. तो दिला नाही तर नकारसुद्धा २०० (यशस्वी) म्हणून जातो आणि नंतर लॉगमध्ये नाकारलेली विनंती ओळखताच येत नाही.

'नोप्रिव्ह' हुक लॉगिन नसलेल्यांसाठी असतो. पिन कोडला डिलिव्हरी आहे का, एवढं विचारण्यापुरता तो ठीक. 'चालत नव्हतं म्हणून दोन्ही हुक लावले' असा कोड दिसला की तिथेच थांबून तपासा.

नॉन्सलाच परवानगी समजणं

नॉन्स म्हणजे विनंतीसोबत जाणारं, वर्डप्रेसने बनवलेलं तात्पुरतं टोकन. अनुभवी लोकसुद्धा इथे फसतात, कारण नॉन्स लावल्यावर कोड सुरक्षित दिसतो. नॉन्स फक्त एवढंच सांगतो की विनंती याच वापरकर्त्याच्या पानावरून आली, दुसऱ्या साइटने त्याच्या नकळत पाठवलेली नाही. वर्डप्रेसचा नॉन्स साधारण १२ ते २४ तास चालतो आणि तो पानाच्या सोर्समध्ये उघड छापलेला असतो. प्लगिन 'डब्ल्यूपी लोकलाइझ स्क्रिप्ट'ने तो प्रत्येक पानावर टाकत असेल, तर प्रत्येक ग्राहकाच्या हातात त्याचा स्वतःचा वैध नॉन्स असतो. लॉगिन नसलेल्यांचा वापरकर्ता क्रमांक शून्य धरला जातो, म्हणून एरवी त्या सगळ्यांना एकच नॉन्स मिळतो. नॉन्सवर अधिकार ठरवू नका, असं वर्डप्रेसच्या स्वतःच्या दस्तऐवजातही स्पष्ट लिहिलेलं आहे.

हँडलरमधला क्रम असा ठेवा: आधी नॉन्स, मग परवानगी, मग आलेली माहिती साफ करणं, आणि शेवटी डेटाबेस. तपासणी डेटाबेसनंतर आली तर एरर दिसते खरी, पण बदल झालेला असतो.

'इज ॲडमिन' आणि 'ॲडमिन इनिट' यांची नावं फसवतात

'इज ॲडमिन' हे फंक्शन माणूस ॲडमिन आहे का ते सांगत नाही. विनंती ॲडमिन भागातल्या पत्त्यावर आली का, एवढंच सांगतं. 'ॲडमिन इनिट' हुक तर ॲडमिन-एजॅक्स आणि ॲडमिन-पोस्ट या फाइलींवरही चालतो, तोही लॉगिन नसताना. सेटिंग जतन करणारा कोड परवानगी न तपासता या हुकवर टाकला, तर तो अख्ख्या जगाला खुला झाला. मेन्यू जोडताना दिलेली क्षमता सेटिंगचं पान झाकते, जतन करणारा कोड झाकत नाही.

त्यातही सर्वांत घातक प्रकार म्हणजे ऑप्शनचं (डेटाबेसमध्ये साठवलेल्या सेटिंगचं) नाव आणि मूल्य दोन्ही विनंतीतून घेऊन 'अपडेट ऑप्शन'ला देणं. नोव्हेंबर २०१८ मध्ये 'डब्ल्यूपी जीडीपीआर कॉम्प्लायन्स' या प्लगिनमध्ये हेच घडलं. हल्लेखोरांनी नोंदणी सुरू केली, नव्या खात्याची भूमिका ॲडमिनिस्ट्रेटर केली आणि रीतसर फॉर्म भरून ॲडमिन झाले. १.४.३ या आवृत्तीत ही चूक दुरुस्त झाली. तुमच्या प्लगिनमध्ये कोणते ऑप्शन बदलता येतील त्यांची ठरलेली यादी कोडमध्येच लिहा. यादीबाहेरचं नाव आलं की विनंती नाकारा.

रेस्ट मार्गावरची सूचना गप्प करणं

रेस्ट मार्ग म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमला साइटशी बोलता यावं म्हणून दिलेला पत्ता. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या वर्डप्रेस ५.५ पासून 'परमिशन कॉलबॅक' (परवानगी तपासणारं फंक्शन) न दिलेल्या मार्गावर डेव्हलपरला सूचना दिसते. मार्ग मात्र उघडाच राहतो. ती सूचना घालवायला 'रिटर्न ट्रू' लिहून मोकळं होणं म्हणजे भोक कायम ठेवून इशारा पुसणं. खरोखर सार्वजनिक माहितीसाठीच ते वापरा.

दुसऱ्याची पावती उघडणं

पावतीच्या लिंकमध्ये ऑर्डर क्रमांक असतो. तो एकाने बदलला की नागपूरच्या महाल भागातल्या कुणाचा पत्ता आणि मोबाइल नंबर समोर येतो. इथे नुसती क्षमता विचारून भागत नाही, 'व्ह्यू ऑर्डर'सोबत तो ऑर्डर क्रमांकही द्यावा लागतो. पोस्टसाठी तसंच: 'एडिट पोस्ट्स' नव्हे, 'एडिट पोस्ट' आणि त्या पोस्टचा क्रमांक.

तपासायचं कसं

स्टेजिंग साइटवर, म्हणजे चाचणीसाठीच्या प्रतीवर, कस्टमर आणि शॉप मॅनेजर अशी दोन खाती करा. तिसरी चाचणी लॉगिनशिवाय. ॲडमिन म्हणून काम करताना ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमधून विनंती 'कॉपी ॲज कर्ल'ने उचला, कुकी ग्राहकाची घाला आणि पुन्हा पाठवा.

इथे दोन ठिकाणी खोटा दिलासा मिळतो. एजॅक्सला मजकुरात उणे एक आणि ४०३ आलं, तर तो बहुधा नॉन्सचा नकार असतो, परवानगीचा नव्हे. म्हणून स्टेजिंगवर नॉन्सची ओळ तात्पुरती बंद करून पाहा. तरीही नकार यायला हवा. रेस्टमध्ये कुकी पाठवली पण 'एक्स-डब्ल्यूपी-नॉन्स' हेडर विसरलात, तर वर्डप्रेस तुम्हाला लॉगिन नसलेलाच समजतं. ४०१ (लॉगिन हवं) येतं, पण ग्राहक म्हणून चाचणी झालेलीच नसते.

साइट आधीच फुटली असेल तर

आधी फाइली, डेटाबेस आणि लॉग यांची प्रत काढून ठेवा, मग संशयित प्लगिन बंद करा. डब्ल्यूपी-सीएलआय या कमांड लाइनच्या साधनाने ॲडमिनिस्ट्रेटर भूमिकेच्या खात्यांची यादी काढा. नव्या खात्याची भूमिका, नोंदणी सुरू आहे का आणि साइटचा पत्ता हे तीन ऑप्शन पाहा. कोअर (मूळ वर्डप्रेस) आणि प्लगिनचे चेकसम, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या खुणा, जुळवा. गावात लिहून घेतलेल्या प्लगिनला चेकसम नसतात, त्याच्या फाइली मूळ प्रतीशी ताडून पाहा. मग सॉल्ट (कॉन्फिग फाइलमधल्या गुप्त किल्ल्या) बदला, म्हणजे सगळे जण लॉगआउट होतील, आणि त्यानंतर पासवर्ड. सर्व्हरच्या नेहमीच्या लॉगमध्ये पोस्ट विनंतीचा मजकूर नसतो, त्यामुळे तिथे कोणती कृती चालवली ते बहुधा दिसणार नाही. वेळ आणि आयपी पत्ता खातं तयार झाल्याच्या वेळेशी जुळवा. सर्ट-इनच्याच २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला (भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला) कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. होस्टिंगवर लॉग किती दिवस राहतात ते आजच पाहून घ्या.