पहिले घर घेताना एजंट कसा पारखावा
महाराष्ट्रात नव्या गृहप्रकल्पांतील सदनिकांची विक्री करून देणाऱ्या एजंटला महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे. म्हणून पहिल्याच भेटीत त्याचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि तो महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळावा. एजंटचा क्रमांक ‘ए’ने, तर प्रकल्पाचा ‘पी’ने सुरू होतो. नोंदणीची मुदत पाच वर्षांची असल्याने ती संपलेली नाही ना, हेही पाहावे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे त्याला पैसे कोण देतो. नव्या प्रकल्पात दलाली बहुधा बिल्डर देतो, त्यामुळे ‘तुमच्याकडून एक रुपयाही घेत नाही’ असे सांगणारा एजंट ठरावीक दोन-तीन प्रकल्पांचीच स्तुती का करतो, हे वेगळे सांगायला नको. जुन्या घराच्या व्यवहारात तो अनेकदा दोन्ही पक्षांकडून दलाली घेतो. तिथे टक्केवारी किती आणि व्यवहार फिसकटल्यास ती द्यावी लागेल का, हे घरे पाहायला निघण्याआधीच लेखी ठरवून घ्यावे. टोकनची रक्कम एजंटच्या खात्यात मुळीच भरू नये. नव्या प्रकल्पात तर करारनाम्याची नोंदणी होण्यापूर्वी बिल्डरलाही किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.