जुलैमध्ये अर्ज, तरीही शिष्यवृत्ती: जर्मनीतल्या मास्टर्सचा माझा अनुभव

जर्मनीला जायचं मी नक्की केलं ते मार्च 2023 मध्ये. तोवर माझ्या यादीतल्या अकरा विद्यापीठांपैकी सहांच्या तारखा उलटून गेल्या होत्या. चाकणला एका कारखान्यात डिझाइन विभागात दोन वर्षं नोकरी झाली होती. घरी विषय काढायचा धीर होत नव्हता, त्यात हिवाळा निघून गेला. डाडच्या (DAAD, परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणारी जर्मन संस्था) शिष्यवृत्त्या पाहिल्या तर बहुतेकींचे अर्ज आदल्या वर्षीच घेऊन झालेले. ‘आता पुढच्या वर्षी बघ,’ असं सगळ्यांनीच सुचवलं. मला ते पटेना, आणि आज माझ्यासारख्या उशिरा निघालेल्या मुलामुलींना म्हणूनच हे सांगावंसं वाटतं: प्रवेशाची तारीख वेगळी आणि गुणवत्तेवरच्या शिष्यवृत्तीची तारीख वेगळी. एक चुकली म्हणून दुसरी चुकत नाही.

आधी प्रवेशाचं. हिवाळी सत्र ऑक्टोबरला सुरू होतं. काही विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज मार्चमध्ये किंवा मेमध्येच बंद करतात, पण बऱ्याच ठिकाणी 15 जुलैपर्यंत मुदत असते. तारीख विद्यापीठाची म्हणून पाहू नका, अभ्यासक्रमाची पाहा. एकाच विद्यापीठात दोन अभ्यासक्रमांच्या तारखा वेगळ्या असतात. भारतीयांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याची तपासणी) नोव्हेंबर 2022 पासून सक्तीचं आहे आणि ते यायला आठवडे लागतात, त्यामुळे काहीही ठरायच्या आधी तो अर्ज टाकून मोकळं व्हा. माझं प्रमाणपत्र जूनअखेर हातात पडलं. अर्ज गेला 12 जुलैला.

गुणांचं रूपांतर स्वतः करून बघा. जर्मनीत 1.0 सर्वोत्तम आणि 4.0 म्हणजे काठावर पास. सर्वोच्च गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला सर्वोच्च आणि उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागायचं, तिनाने गुणायचं आणि एक मिळवायचा. माझा सीजीपीए 8.2, उत्तीर्ण 4, म्हणजे 1.9. हा आकडा कळला आणि मी पाच विद्यापीठांपैकी दोनच ठेवली. अर्जाचे पैसेही वाचले.

ऑगस्टच्या शेवटी प्रवेशपत्र आलं. व्हिसा मात्र वेळेत होणार नाही हे दिसत होतं. मी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला सरळ विचारलं, नावनोंदणी जास्तीत जास्त कोणत्या तारखेपर्यंत करता येईल? त्यांनी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतची मुभा लेखी दिली. मी पोचले 6 नोव्हेंबरला. सगळीकडे अशी मुभा मिळतेच असं नाही, पण विचारल्याशिवाय ती कुणालाच मिळत नाही.

आता शिष्यवृत्ती. डॉइचलांडस्टिपेंडियम ही योजना 2011 पासून चालू आहे. महिन्याला 300 युरो. निम्मे जर्मन केंद्र सरकारचे, निम्मे कंपन्या, संस्था किंवा माजी विद्यार्थी देतात. अर्ज आपल्या विद्यापीठाकडेच करायचा. राष्ट्रीयत्वाची अट नाही, पालकांचं उत्पन्न विचारात घेत नाहीत. बऱ्याच विद्यापीठांत पहिल्या सत्राच्या विद्यार्थ्यांना नुसत्या प्रवेशपत्रावर अर्ज करता येतो. आमच्याकडे मुदत सप्टेंबरअखेर होती, म्हणून मी गावाकडूनच भरला.

सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिक्षण शुल्क नाही. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये मात्र युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला 1,500 युरो भरावे लागतात. खरा भार राहण्या-खाण्याचा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं, दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणारं खातं) मला 11,208 युरो दाखवावे लागले. सप्टेंबर 2024 पासून ती रक्कम 11,904 झाली. बाबांनी उसाच्या बिलावर आणि कर्जावर ते उभे केले. अशा घराला महिना 300 युरो म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

या शिष्यवृत्तीत गुणांबरोबर सामाजिक काम आणि घरची परिस्थितीही पाहतात. इथे आपली मुलं मागे पडतात, कारण आपण काम करतो पण त्याचा कागद ठेवत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या वाळवा तालुक्यात शिरलं, तेव्हा आम्ही मुलामुलींनी शाळेत बारा दिवस भांडी, धान्य, औषधं यांचा हिशेब ठेवला होता. पुढे तिथेच सुट्टीत दहावीच्या मुलांना गणित शिकवलं. हे कुठे लिहिलेलं असणार? मी मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी हजेरीची जुनी वही काढली आणि तारखा, तास, कामाचं स्वरूप लिहून शिक्क्यासह पत्र दिलं. ते इंग्रजीत भाषांतरित करून जोडलं. मोटिव्हेशन लेटरमध्ये मी घरातली पहिली पदवीधर असल्याचं दोन ओळींत लिहिलं. उशीर का झाला याबद्दल एक वाक्य लिहिलं, गयावया केली नाही. तिथे वाचणाऱ्याला तुम्ही काय केलंत ते हवं असतं.

पहिल्या वर्षी नकार आला. कारण दिलं नव्हतं, आणि तो महिना मला जड गेला. पण अर्ज दरवर्षी करता येतो. पहिल्या दोन सत्रांत सरासरी 1.6 आली, शिवाय आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या गटात नव्या मुलांना नावनोंदणीला मदत करत होते. या वेळी तिथलं पत्र लगेच मागून घेतलं. ऑक्टोबर 2024 पासून 300 युरो सुरू झाले. देणगीदार म्हणजे गियर बनवणारी एक छोटी कंपनी. भेटीच्या संध्याकाळी त्यांच्या मालकीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो पुराचा: शाळेत पाणी किती चढलं होतं? मी कमरेपाशी हात धरून दाखवला.