मोठा साय-फाय वॉरगेम: नियम निवडताना या चुका टाळा

सहा खेळाडू, दोनशे मिनी (सैनिकांच्या नि यंत्रांच्या छोट्या प्रतिकृती), रविवारचा अख्खा दिवस. आणि संध्याकाळी सात वाजले तरी तिसरी फेरी संपलेली नाही. मोठे डाव बहुधा असेच अर्धवट गुंडाळले जातात. खेळणारे संथ असतात असं नाही. चाळीस मिनींना पेलतील असे नियम दोनशेंच्या गळ्यात मारलेले असतात.

पॉइंट मोजले, युनिटं मोजली नाहीत

‘तीन-तीन हजार पॉइंटांचा डाव’ एवढं ठरवून लोक मोकळे होतात. पण पॉइंट सैन्याची ताकद सांगतात, वेळ सांगत नाहीत. तीन हजारांत मोजके अजस्र यंत्रमानवही बसतात आणि दीडशे पायदळही. म्हणून आधी हा गुणाकार करा: दोन्ही बाजूंची मिळून युनिटं (एकत्र हलणारी तुकडी किंवा एकटं यंत्र म्हणजे एक युनिट) × एका युनिटाला लागणारी मिनिटं × फेऱ्या. ८० युनिटं, प्रत्येकी १ मिनिट, ५ फेऱ्या म्हणजे ४०० मिनिटं, ६ तास ४० मिनिटं. मांडामांड आणि जेवण वेगळं. शिवाय एक मिनिट हा सराईत हाताचा हिशेब आहे. नवख्याला तीन लागतात. नियम पक्के करण्याआधी चार-चार युनिटांची एक फेरी मोबाइलवर घड्याळ लावून खेळा. तो आकडा घेऊन मगच गुणाकार करा.

एका गोळीबाराला किती फासे?

वॉरहॅमर ४०,००० या लोकप्रिय साय-फाय खेळात नेम, जखम आणि बचाव असे तीन टप्पे आहेत. वीस जणांच्या तुकडीने प्रत्येकी दोन गोळ्या झाडल्या, ३+ ला (म्हणजे फाशावर ३ किंवा जास्त पडले की) नेम, ४+ ला जखम, ३+ ला बचाव असं धरू. ४० फाशांतून सरासरी २७ नेम लागतात, त्यातून १३ जखमा होतात आणि शेवटी चार-पाच मिनी पडतात. म्हणजे ८० फासे उचलायचे, निवडायचे, पुन्हा टाकायचे. छोट्या डावात यात मजा आहे. ऐंशी युनिटांत मनगट दुखतं. ग्रिमडार्क फ्युचर या खेळात जखमेचा टप्पाच नाही, दोन टप्प्यांत काम होतं. झेनोस रॅम्पंटमध्ये (२०२२) तुकडी कितीही जणांची असो, धडधाकट असताना दहा फासे टाकते आणि निम्मी झाली की पाच. मोठ्या डावासाठी फाशांना अशी मर्यादा घालणारे नियम शोधा.

बॅटलटेक म्हणजे ‘मेक’ नावाच्या अजस्र यंत्रमानवांचा खेळ. तो खेळणाऱ्यांची नेहमीची चूक याच जातीची. मूळ नियमांत प्रत्येक शस्त्राचा नेम वेगळा, लागलेला मार कुठल्या अवयवावर बसला ते वेगळं, वर उष्णतेचा हिशेब. चार विरुद्ध चार मेकना हे शोभतं, बारा विरुद्ध बाराला नाही. त्यासाठी अल्फा स्ट्राइक ही त्याचीच सुटसुटीत नियमावली आहे: एका मेकला एक कार्ड, हल्ल्याला दोन फाशांची एकच फेक. उदाहरणार्थ, कौशल्य ४, मध्यम पल्ल्याचे २ आणि समोरच्याच्या हालचालीचे २ मिळून ८ किंवा जास्त पडायला हवेत, म्हणजे ३६ पैकी १५ शक्यता. इथे दोन गफलती हमखास होतात. हालचालीचा आकडा लक्ष्याचा घ्यायचा असतो. घाईत लोक स्वतःच्या कार्डावरचा घेतात. आणि मेकची ताकद सांगणारा मूळ नियमांचा आकडा (बॅटल व्हॅल्यू) अल्फा स्ट्राइकच्या आकड्यात (पॉइंट व्हॅल्यू) मिसळून टाकतात. AS7-D ॲटलस हा मेक एकीकडे १,८९७, दुसरीकडे ५२.

‘आलटून-पालटून’ म्हणजे चांगलं, हा समज

एकेक युनिट आळीपाळीने हलवणं दोघांत छान रंगतं. पण एकाकडे १२ युनिटं आणि दुसऱ्याकडे ५ असतील, तर पाच उत्तरं संपल्यावर पहिल्याच्या सात चाली बिनविरोध होतात. मग जो तो स्वस्तातली फुटकळ युनिटं भरतो. उपाय असा की युनिटांचे गट पाडायचे आणि दोन्ही बाजूंना गटांची संख्या सारखी ठेवायची. अल्फा स्ट्राइकमध्ये जास्त मेक असलेली बाजू एका पाळीत दोन-दोन हलवते, तेही चालतं.

उलट, अख्ख्या बाजूची पाळी एकदम घेणारे जुन्या वळणाचे नियम गर्दीत बरे पडतात. ४० युनिटं तीन खेळाडूंनी एकाच वेळी हलवली तर समोरच्यांना चाळीसऐवजी साधारण चौदा मिनिटं थांबावं लागतं. धोका एकच: पहिली पाळी मिळालेली बाजू समोरच्याचं सैन्य तोफ डागण्याआधीच अर्धं करते. म्हणून मार फेरीच्या शेवटी लागू होतो का, ते बघा. वॉरहॅमरच्याच मोठ्या डावांसाठीच्या २०१९ च्या अपोकॅलिप्समध्ये तसं आहे. मेलेलं युनिटही आपली पाळी खेळून घेतं.

टेबल आणि स्केल शेवटी आठवणं

वॉरहॅमर ४०,००० च्या दहाव्या आवृत्तीत ३,००० पॉइंटांना ४४ × ९० इंच जागा लागते. बाजारात मिळणारी ८ × ४ फुटी प्लायची शीट म्हणजे ९६ × ४८ इंच, काम झालं. अर्धी कापली की चार फुटी दोन तुकडे लिफ्टमधून नेता येतात. रुंदी मात्र चार फुटांपेक्षा जास्त करू नका. पाच-सहा फुटी टेबलाच्या मधोमध हात पोचत नाही, मग शर्टाची बाही टेकडी घेऊन येते.

जागा नसेल तर स्केल, म्हणजे मिनींचं माप, बदला. २८ मिमीच्या मिनीला लागणाऱ्या जागेत ६ मिमीच्या साधारण बावीस मावतात. डर्टसाइड टू किंवा एपिक आर्मागेडन (२००३) याच मापाचे. २८ मिमीचेच नियम वापरून इंचांऐवजी सेंटिमीटर मोजायचे असतील तर सगळंच बदला: चाल, पल्ला, स्फोटाचं वर्तुळ, तुकडीतलं अंतर. फक्त पल्ला बदलला की पायदळ बघता बघता तोफेच्या पल्ल्यातून पार निघून जातं.

शेवट न ठरवणं

शेवटची मिनी पडेपर्यंत खेळायचं ठरवलं तर शेवटचे दोन तास रटाळ जातात. निम्मी युनिटं गेलेला गट मैदान सोडतो, किंवा चौथ्या फेरीनंतर कोणाच्या ताब्यात किती ठिकाणं ते मोजायचं, असं काहीतरी आधीच लिहून ठेवा. घड्याळाची वेळही लिहा. सहाला शेवटची फेरी म्हणजे सहाला.

आणि पैसे घालण्याआधी फुकटचे बघा. स्टारग्रंट टू, डर्टसाइड टू आणि ग्रिमडार्क फ्युचरचे मूळ नियम पीडीएफमध्ये मोफत मिळतात. एका ए-फोर पानावर तक्ता उतरवून प्रत्येकाच्या हातात द्या. पुस्तक टेबलावर एकच ठेवा, ते पंचाकडे.