व्हर्बचे प्रकार तोंडपाठ होते, तरी ‘आय अ‍ॅम अ‍ॅग्री’ म्हणाले

कॅम्पस इंटरव्ह्यूच्या ग्रुप डिस्कशनमध्ये माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य म्हणजे ‘आय अ‍ॅम अ‍ॅग्री विथ यू’. समोरचा मुलगा खाली बघून हसला आणि मग शेवटपर्यंत मी गप्प. आता गंमत अशी की त्या दिवशी मला झोपेतून उठवून विचारलं असतं ना, व्हर्बचे प्रकार सांग, तर घडाघडा म्हणून दाखवले असते, ट्रान्झिटिव्ह, इन्ट्रान्झिटिव्ह, ऑक्झिलरी, मोडल, लिंकिंग, सगळे, व्याख्येसकट. मराठी माध्यम, जिल्हा परिषदेची शाळा. 2000 साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं तेव्हा आमची बॅच तिसरीत होती, त्यामुळे आमची एबीसीडी जुन्या पद्धतीने पाचवीतच.

नंतर पुण्यात ईमेल सपोर्टच्या नोकरीला लागले, दिवसाला चाळीस-पन्नास मेल लिहायचे, तेव्हा कुठे कळलं की व्याख्या माझ्या काही कामाच्या नव्हत्या. माझ्या चुका जिथे मराठी क्रियापद एका वाटेने जातं आणि इंग्रजी दुसऱ्या, बरोब्बर तिथेच होत होत्या. म्हणून नवीन शिकणाऱ्यांसाठी हे लिहितेय, पुस्तकातल्या क्रमाने नाही, मी जिथे जिथे आपटले त्या क्रमाने.

सगळ्यात मोठा खड्डा आपल्या ‘आहे’चा. ‘मी घरी आहे’ म्हणजे ‘आय अ‍ॅम अ‍ॅट होम’, ठीक. पण ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘मला ताप आहे’, ‘माझ्याकडे गाडी आहे’ इथे अ‍ॅम-इज-आर चालत नाही, तिथे ‘हॅव’ लागतो. आणि ‘मी सहमत आहे’, ‘मला माहीत आहे’ इथे तर इंग्रजीत ‘आहे’ला जागाच नाही, कारण अ‍ॅग्री आणि नो ही स्वतःच क्रियापदं आहेत. मराठीत ‘सहमत’ हे विशेषण, म्हणून त्याला टेकू द्यायला आपण ‘आहे’ लावतो आणि तोच टेकू उचलून इंग्रजीत नेतो. माझं अ‍ॅम तिथून आलं होतं. ‘आय अ‍ॅम नोइंग’, ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ हीपण त्याच घरातली भावंडं. नो, बिलीव्ह, ओन, बिलाँग असल्या क्रियापदांना स्टेटिव्ह म्हणतात, त्यात काही घडत नाही, नुसती स्थिती असते, म्हणून सहसा आयएनजी लागत नाही. हॅव मात्र दोन्हीकडचा, ‘आय अ‍ॅम हॅविंग लंच’ बरोबर आहे कारण तिथे हॅव म्हणजे जेवणं, आणि जेवताना काहीतरी घडतंय.

दुसरा खड्डा डिड. ‘आय डिडन्ट वेन्ट’ आपण का म्हणतो? कारण मराठीत ‘मी गेले नाही’, यातलं ‘गेले’ आधीच भूतकाळात आहे, नुसतं ‘नाही’ चिकटवलं की झालं. इंग्रजीत नकार किंवा प्रश्न करायला डू हा हमाल येतो आणि भूतकाळाचं ओझं तोच उचलतो, मग मुख्य क्रियापद मोकळ्या हाताने चालतं, गो म्हणजे गोच. आपल्याकडे असा हमाल नाहीये म्हणून सवय नसते. हाच डू, शिवाय बी आणि हॅव, हे तीन मदतनीस (म्हणजेच ऑक्झिलरी) कधी कधी स्वतः मालक पण होतात, ‘आय डिड माय होमवर्क’ मध्ये डिड मुख्य आहे. आणि मग ‘आय डिडन्ट डू माय होमवर्क’ मध्ये एक डू हमाल, दुसरा मालक. हे वाक्य कळलं की ऑक्झिलरीचा अर्धा धडा झाला.

मोडलबद्दल फार बोलत नाही. कॅन, मस्ट, शुड वगैरेंच्या पुढे क्रियापद उघडं ठेवायचं. ‘ही कॅन गोज’ नाही, ‘मस्ट टू गो’ नाही (‘जायला पाहिजे’ मधला ‘ला’ आपल्याला तो टू लावायला लावतो).

ट्रान्झिटिव्ह-इन्ट्रान्झिटिव्ह, म्हणजे सकर्मक-अकर्मक, यासाठी लोक ‘काय’ने प्रश्न विचारा म्हणतात. त्यापेक्षा आपल्या मराठीत फुकटची युक्ती आहे, ‘तो’ घेऊन वाक्य भूतकाळात टाका. ‘त्याने आंबा खाल्ला’, ‘ने’ लागला, सकर्मक. ‘तो झोपला’, नाही लागला, अकर्मक. शिकणं, विसरणं अशी थोडी क्रियापदं फसवतात (‘तो नाव विसरला’), पण बाकी चालून जातं. फक्त एक लक्षात ठेवा, या युक्तीने मराठीचं कळतं, इंग्रजीचं नाही. आपण ‘विषयावर’ चर्चा करतो म्हणून ‘डिस्कस अबाउट’ लिहितो, पण डिस्कस सकर्मक आहे, त्याला कर्म थेट लागतं, ‘डिस्कस द इश्यू’. तसंच ‘त्याच्याशी लग्न केलं’ म्हणून ‘मॅरीड विथ हिम’, खरं तर ‘मॅरीड हिम’. आणि उलटं पण होतं, ‘गाणं ऐकलं’ मध्ये गाणं थेट येतं पण लिसनला टू लागतोच. हे तर्काने सुटत नाही बाबांनो, डिक्शनरीत व्हर्बपुढे बारीक अक्षरात व्हीटी (ट्रान्झिटिव्ह) किंवा व्हीआय (इन्ट्रान्झिटिव्ह) असतं ते बघायची सवय लावा. मी कित्येक वर्षं ती अक्षरं छपाईची कटकट समजत होते.

पण याच धड्यात मला सगळ्यात जास्त मजा आली. आपल्याकडे काच ‘फुटते’ आणि कुणीतरी ती ‘फोडतं’, दोन वेगळे शब्द. इंग्रजीत दोन्हीला ब्रेक, ‘द ग्लास ब्रोक’ आणि ‘आय ब्रोक द ग्लास’. कर्म आहे की नाही एवढ्यावरच ठरतं. आपल्यासारख्या जोड्या इंग्रजीतही थोड्या आहेत, राइज म्हणजे वर येणं आणि रेझ म्हणजे वर उचलणं, फॉल म्हणजे पडणं आणि फेल (नापासवालं नाही, एफ-ई-डबल एल) म्हणजे झाड पाडणं. आता या पाडण्याच्या ‘फेल’चं आणि पडण्याच्या भूतकाळाचं स्पेलिंग एकच आहे, त्याला इलाज नाही. लाय आणि ले ची जोडी तर त्याहून वाईट, कारण आडवं पडण्याच्या ‘लाय’चा भूतकाळच ‘ले’ होतो. त्यावर मी अजून अडखळते.

लिंकिंग व्हर्ब मला आईच्या आमटीने कळलं. आमटी खारट ‘लागते’ आणि मी ती ‘चाखते’, इंग्रजीत दोन्ही टेस्ट. ‘द आमटी टेस्ट्स सॉल्टी’ मध्ये टेस्ट्स काढून इज घातलं तरी वाक्य उभं राहतं, म्हणजे लिंकिंग, आणि म्हणून पुढे सॉल्टी हे विशेषण येतं. ‘आय टेस्टेड द आमटी’ मध्ये इज घालून बघा, मीच आमटी होते. दिसणं-बघणं म्हणजे लुक, वास येणं-वास घेणं म्हणजे स्मेल, तिथेही हेच. ‘शी लुक्स ब्यूटिफुली’ का चुकीचं हे मग वेगळं पाठ करावं लागत नाही.

मी एक वही केली होती, डावीकडे मनात आलेलं मराठी वाक्य, उजवीकडे सुधारलेलं इंग्रजी. प्रकारांची नावं त्यात कुठेच नव्हती. आता टीममध्ये नवीन मुलं आली की तीच वही देते आणि अजूनही मोठा मेल पाठवायच्या आधी कंट्रोल एफ दाबून ‘डिस्कस अबाउट’ शोधते. मागच्याच आठवड्यात एक सापडलं, माझंच.