वाघ्या करडांमागे धावायचा तेव्हा

आमचा धनगरी कुत्रा वाघ्या दहा महिन्यांचा झाला आणि करडांमागे धावू लागला. एकाचा कान फाटला. हळद लावताना करडू हातात थरथरत होतं. सासरे म्हणाले, "देऊन टाक." माझं मन होईना. राखणीचं कुत्रं दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत पोरच असतं, तो खेळत होता.

गोठ्यालगत जाळीपलीकडे त्याला जागा केली. सकाळ-संध्याकाळ लांब दोरीवर थोराड शेळ्यांत न्यायचे. म्हातारी चंद्री त्याला शिंगावर घ्यायची, ते माझ्या ओरडण्यापेक्षा लवकर कळायचं. भाकरी मात्र शेळ्यांपासून लांब, कारण गुरगुर तिथंच सुरू व्हायची.

पाच महिने लागले. परवा चंद्री व्याली. ओलं करडू धडपडत वाघ्याच्या पोटाशी गेलं, त्यानं नुसती मान वळवली.