पोलीस ठाण्यात फोनचा पासवर्ड मागितला तर काय करायचं
मागच्या हंगामात आमच्या काकांना पैशाच्या एका भांडणावरून ठाण्यात बोलावलं, तिथं "फोन खोला" म्हटलं अन् काकांनी घाबरून अंगठा लावून दिला. दोन घंटे फोन पोलिसांच्या टेबलावर, काकूचे फोटो, बँकेचे मेसेज, पोरीच्या लग्नाची बोलणी सगळं उघडं, अन् कागद एकही नाही. तेव्हापासून गावात ज्याला त्याला हेच सांगून राहिलो, म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

पहिले अंगठ्याचं अन् चेहऱ्याचं लॉक बंद करा, सहा आकडी पिन ठेवा, जन्मतारीख नको. कापूस वेचून हात खरखरीत झाले की अंगठा तसाही लागत नाही. बोटाचे ठसे देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नाही असं सुप्रीम कोर्टानं 1961 मध्येच सांगून ठेवलं आहे. पिन मात्र डोक्यात राहते, ती सांगायला तोंड उघडावं लागते, म्हणून तिथं घटनेचं कलम 20(3) कामी येऊ शकते, आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची जबरदस्ती करता येत नाही. पण एवढ्यावर निर्धास्त राहू नका भाऊ, 2021 मध्ये कर्नाटक हायकोर्टानं पासवर्ड देणं म्हणजे साक्ष नव्हे म्हटलं अन् 2022 मध्ये दिल्लीच्या सीबीआय कोर्टानं उलटं सांगितलं. अंगठा ठेवायचाच असेल तर ठाण्यात जायच्या आधी फोन रीस्टार्ट करा, मंग पहिल्यांदा पिनच लागते.

मागितलाच तर आवाज न चढवता म्हणा, साहेब, कोणत्या कलमाखाली ते लेखी द्या, मी वकिलाशी बोलून उत्तर देतो. आयटी कायद्याचं कलम 69 खरंच कडक आहे, लॉक उघडायला मदत केली नाही तर 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण तो आदेश साधारणपणे केंद्राच्या नाहीतर राज्याच्या गृहसचिवाकडून निघते, टेबलावरचं "खोल लवकर" म्हणजे तो आदेश नाही. तसा कागद खरंच आला तर मात्र एकट्यानं काही ठरवू नका.

खोटं बोलू नका, पिन आठवत असताना "विसरलो" म्हणू नका. भीतीपोटी चॅट उडवणं, फोन फॉरमॅट मारणं तर बिलकुल नको, पुरावा नष्ट केल्याचा नवा गुन्हा अंगावर येते अन् मूळ भांडण राहते बाजूला.

फोन जप्त केला तर पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका, त्यात आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख नंबर, *#06# दाबलं की दिसते) लिहून घ्या, कॉपी मागा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या बीएनएसएसच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला फौजदारी कामकाजाचा कायदा) कलम 105 प्रमाणे झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करावं लागते, तेही विचारा. फोन परत पाहिजे तर कोर्टात सुपूर्तनाम्यावर (म्हणजे मागाल तेव्हा फोन हजर करीन असं लिहून देऊन) मिळण्यासाठी अर्ज करता येते.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप बसू नका. 15100 या फुकट कायदेशीर मदतीच्या नंबरवर फोन लावा नाहीतर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा, बायांना अन् एससी-एसटीच्या लोकांना तिथं उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळते.